अर्धा गुण

प्रश्न चौथा, (आ): पाण्याचे स्रोत लिहा.
पुस्तकात आहेत नदी, विहीर, तळे
आणि कळशी घेतलेली एक बाई,
जिच्या बांगड्यांचा हिरवा रंग छापताना रेषेबाहेर गेलाय.
पाचवी ‘क’मधल्या जुवेरिया परकारने लिहिलंय:
‘पाणी कारखान्यातून येते. माझे अब्बा तिथे शिफ्टला असतात.
समुद्र आत जातो आणि मीठ बाहेर राहते.’

मीठ बाहेर राहत नाही, बाळा.
ते परत समुद्रातच जातं,
आधीपेक्षा खारट, आधीपेक्षा कोमट.
पण हे पोर्शनमध्ये नाही.

लाल पेन उघडून बसले आहे मी
सित्रातल्या चौथ्या मजल्यावर.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते,
माझ्या देव्हाऱ्यातल्या समईपेक्षा नेमाने तेवणारी.
तिच्यावर शाळेची फी, तिच्यावर माझा पगार,
नाशिकच्या फ्लॅटचे हप्तेही तिच्यावर.
तिच्याविरुद्ध मी आठवड्याला तीन तास शिकवते.

मागच्या महिन्यात पर्यावरण सप्ताह झाला.
‘प्लास्टिक टाळा’, आठ फुटी फ्लेक्सवर.
प्रमाणपत्रं लॅमिनेट करून दिली, टिकावीत म्हणून.
मग तुबलीच्या खाडीवर सहल:
बावीस मुलं, अर्धा तास, छातीएवढी तिवरं,
पलीकडे भराव घातलेली जमीन आणि तिच्यावर विकाऊ असल्याची पाटी.
हाजी मकींनी बस चालूच ठेवली होती,
पोरं परततील तेव्हा गाडी गार हवी.
इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून
मी कर्बाविषयी बोलले.

येताना हाजी तोडक्या हिंदीत सांगू लागले:
इथे समुद्राच्या पोटात गोडं पाणी होतं.
त्यांचा आजा मोत्यांच्या होडीवर.
बुडी मारायचा, झऱ्याच्या तोंडाला कातडी पिशवी लावायचा,
आणि खाऱ्याच्या तळातून गोडं भरून वर यायचा.
‘और अब?’
हाजींनी एसीची जाळी माझ्या दिशेने वळवली.

त्याच आठवड्यात पेपरात होतं,
परिषद एका दिवसाने लांबली.
दोनशे देशांची माणसं रात्रभर जागून
एका क्रियापदावर अडली आहेत.
वडील व्याकरण शिकवायचे, म्हणून मला हसू आलं नाही.
विध्यर्थ: करावे.
त्यात कर्तव्य मावतं, इच्छा मावते, शक्यताही,
आणि न करण्याला ऐसपैस जागा उरते.

मनमाडला आमच्या नळाला वीस दिवसांनी पाणी यायचं.
तांदूळ धुतलेलं अळूला,
आंघोळीचं बादलीत, बादलीतून संडासात.
‘शाश्वत’ हा शब्द फक्त कीर्तनात ऐकलेला.
घरात म्हणत, सांडू नको.
इथे मी वीस मिनिटं शॉवरखाली उभी राहते.
कुठेतरी हेही लिहिलेलं असावं, म्हणून लिहिते.

जुवेरियाने कोपऱ्यात चित्र काढलंय, कुणी मागितलेलं नसताना.
एसीची नळी, खाली रंगाचा रिकामा डबा,
डब्यावरून बाण, बाणाच्या टोकाशी कढीपत्ता.
बाणावर आकडा: दिवसाला अकरा लिटर.
‘जुलैमध्ये जास्त.’
मोजलंय तिने. जुलैपासून मोजतेय.

नमुना उत्तरात कारखाना नाही, नळी नाही.
मी अर्धा गुण लिहिला.
खोडला. पूर्ण गुण द्यावा,
असं मनात म्हटलं, आणि ‘द्यावा’वर थांबले.

बाहेर आमचीही नळी ठिबकते आहे,
आठ वर्षं झाली,
तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी
वाळत घातलेल्या कपड्यांवर.