चालणारी चूक

मी काटे दुरुस्त करतो.
मशीद बंदरला, जिन्याखाली, साडेचार फूट जागेत.
भायखळ्याच्या भाजीवाल्यांचे काटे, डोंगरीच्या सोनारांचे,
भाऊच्या धक्क्यावरचे, खाऱ्या पाण्यानं कुजलेले.
काटा कुणाचाही असो, आधी रिकामा बघायचा,
शून्यावर उभा राहतो का.

प्रचितीला दहावीत सत्त्याऐंशी पॉइंट चाळीस.

तिनं फोन पुढे धरला तेव्हा
माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे?"
बोललेला शब्द परत घेता येत नाही.

मग नातेवाइकांचे फोन.
दुपारपर्यंत मला त्यांची वजनं कळू लागली.
"अरे वा" नव्वदच्या वर.
"छान" एकदा म्हटलं तर छान,
"छान, छान" म्हणजे थोडं कमी भरतंय.
डोंबिवलीची आत्या म्हणाली, "तब्येत सांभाळ म्हणावं तिला."
हे किती टक्क्यांना म्हणतात, मला अजून कळलेलं नाही.

पेढ्यांवरून घरात वाद.
हिचं म्हणणं, किलो.
प्रचिती म्हणाली, पाव आणा, घरापुरते, आणि पिशवी काळी घ्या.
मी अर्धा किलो आणायला गेलो.
हलवायाचा काटा मीच एप्रिलात बसवलेला.
खोक्यासकट पाचशे दाखवत होता.
एरवी मी बोललो असतो.
त्या दिवशी गप्प राहिलो.
खोकंही कुणीतरी उचलतंच ना.

रात्री फॉर्म भरला. दहा कॉलेजं, पसंतीच्या क्रमानं.
समुद्राकडे तोंड असलेलं तिनं पहिलं टाकलं.
गेल्या वर्षी तिथली यादी थांबली होती
सत्त्याऐंशी पॉइंट साठला.
पॉइंट वीस. पाचशेत एक गुण.

"एक गुण म्हणजे केवढा गं?"
ती बराच वेळ पंख्याकडे बघत होती.
मग म्हणाली, "भूगोलाचा पेपर. ब्राझीलचा नकाशा.
मानौस मी नदीच्या भलत्याच काठावर दाखवलं.
एवढंसं टिंब, बाबा."
आणि बोटानं चादरीवर टिंब दाखवलं.

मी तिला सांगितलं, आमच्या धंद्यात
तांदळाच्या गोणीमागे थोडे ग्रॅम इकडेतिकडे चालतात.
निरीक्षक येतो, वजनं ठेवतो,
तेवढ्या फरकावर डोळा न मिटता शिक्का मारतो.
त्याला आम्ही चालणारी चूक म्हणतो.
चूक असते. पण चालते.
ती म्हणाली, "मी गोणी आहे का?"
यावर माझ्याकडे शिक्का नव्हता.

आठ दिवस ते गाव आमच्या घरात राहिलं.
जेवताना मानौस. दूध उतू गेलं, मानौस.
हिला वाटलं, मुलाचं नाव आहे.

यादी लागली गुरुवारी.
पहिलं कॉलेज अठ्ठ्याऐंशीला थांबलं.
प्रचितीनं मनातल्या मनात वजाबाकी केली,
पुन्हा एकदा केली, आणि मोठ्यानं हसली.
"बाबा, तीन गुण कमी पडले! तीन!
टिंब बरोबर असतं तरी नसतंच मिळालं."
एवढ्या आनंदानं नापसंती वाचणारं माणूस
मी पाहिलं नव्हतं.
मिळालं ते तिसरं, वडाळ्याकडचं.
समोर समुद्र नाही, टायरवाल्याचं दुकान आहे.

पैसे भरून ती परस्पर दुकानात आली.
गोण्या तोलायच्या मोठ्या काट्यावर चढली.
"बघा तरी, किती भरते."
"उतर. आधी शून्य बघू दे."
उतरली. शून्य होतं. पुन्हा चढली.
"सॅकसकट?"
"असू दे, सॅकसकट."
काटा हलला, पुढे गेला, मागे आला,
थरथरत राहिला, नवीन स्प्रिंगसारखा.
आकडा वाचायचा राहूनच गेला.
एक मिरचीवाला खोळंबला होता,
त्याला घाई होती.