नन्नावरेंचं हौसिंग

चिमूर रस्त्यावर, फाट्याला,
जिथं एसटी थांबते पण थांबा नाही,
डोमाजी नन्नावरेंनी एका मेलेल्या मालवाहू ऑटोचं हौसिंग
राखेनं घासून फळीवर ठेवलं
आणि म्हणाले, हात घाल आत.

मी वरोऱ्याहून टर्नर होऊन आलेली.
आत चार दातेरी चाकं,
दोन मोठी, दोन लहान,
एकाच ताटात जेवायला बसलेली,
एकाचं बोट हललं की चौघांचं हलतं.

"वळणावर आतलं चाक कमी चालते,
बाहेरचं लय चालते.
बंडीले हे शिकवा नाही लागत,
तिची दोन्ही चाकं आसावर सुटी.
इंजनाले शिकवा लागते.
तेच हे."

मागे सागाच्या सावलीत त्यांच्या बापाची बंडी,
तुंब्यातलं ओंगण वाळून दगड.

अडचण भादव्यातली.
पांदणीत एक चाक गाऱ्यात, एक टणक धुऱ्यावर.
गाऱ्यातलं गरगर गरगर,
धुऱ्यावरचं उभं, पाहुण्यासारखं.
"जो रिकामा फिरते त्यालेच सगळी ताकद,
अन् ज्याचा पाय जमिनीवर, त्याले शून्य.
कोण्या साहेबानं बनवलं असन बे."

मग आम्ही सहा दातांची कडी केली.
ट्रॅक्टरच्या तुटक्या आसाचं पोलाद,
सायकलच्या ब्रेकची वायर,
कुणाच्या तरी स्कूटरचा क्लच-दांडा.
दांडा ओढला की कडी सरकते,
दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात.
लेथवर मी, भात्यावर ते.
तीनदा दात तडकले पाण्यात.
चौथ्यांदा टोळीच्या तेलात विझवले,
दुकानभर मोहाचा धूर,
आणि कानशीला पहिल्यांदाच ते दात जुमानेनात.

सुमित्राबाई बावणेंचं सोयाबीन, अकरा पोती.
पांदणीच्या मधोमध ऑटो बसला.
नन्नावरेंनी दांडा ओढला.
खट्.
एवढाच आवाज.
मग दोन्ही चाकांनी एकदम माती धरली,
मातीनं थोडा विचार केला
आणि सोडलं.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
सुमित्राबाई म्हणाल्या, उतरवा लवकर, आभाळ आलंय.

परतताना डांबर लागलं. आम्ही खुशीत.
दांडा ओढलेलाच राहिला.
सोसायटीच्या गोदामाजवळ काटकोनात वळलो,
आतल्या चाकाला थोडं चालायचं होतं,
बाहेरच्याला लय,
आणि मधे आमची कडी, दोघांचं मनगट धरून.
तट्ट.

डावा शाफ्ट पिळलेल्या लुगड्यासारखा तुटून आला.
ते रस्त्यावर उकिडवे बसले,
तुकडा उन्हात फिरवत राहिले.
तुटलेलं तोंड दाणेदार, ताज्या गुळासारखं.
मला वाटलं, आता शिवी येईल.
"चूक पोलादाची नाही," म्हणाले,
"गाऱ्यात बांधून घ्यावं, डांबरावर सोडून द्यावं.
आपण विसरलो.
लिवून ठेव, पोरी."

मी लाल रंगानं दांड्याच्या वर लिहिलं:
वळण्याआधी सोडा.
आता फाट्यावर लोक वाचतात आणि हसतात,
एकानं विचारलं, हे दारूबद्दल आहे का?

जिल्ह्याहून एक साहेब येऊन गेले.
फोटो काढले, कडी हातात घेऊन तोलली,
विचारलं, यात नवीन काय?
"काहीच नाही," नन्नावरे म्हणाले,
"असं कुलूप मोठ्या ट्रॅक्टरमधी पयलेपासून हाय.
आमच्या पांदणीपर्यंत आलं नोतं, एवढंच."
साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

सध्या आम्ही दुसरंच काढलंय:
हँडल वळलं की कडीनं आपोआप सुटावं,
माणसाच्या आठवणीवर काही ठेवायचंच नाही.
वायर टाकीखालून न्यावी, असं माझं म्हणणं.
ते म्हणतात, तिथं पऱ्हाटीच्या काड्या अडकतात.
तीन आठवडे झाले, पटत नाही.
ऑटो तोवर विटांवर उभा आहे,
मागची चाकं काढलेली,
आणि जाता-येता मी उजवा शाफ्ट हातानं फिरवून पाहते.
तो पुढे जातो.
डावा मागे.