लाल पट्टी खालच्या बाजूला

पाइडेच्या दूध-प्रयोगशाळेत मी दिवसभर स्निग्धांश मोजते.
तीन पूर्णांक आठ. चार पूर्णांक एक.
आकडा लिहायचा, बाटली धुवायची, पुढची.
अशा बाईनं सत्तेचाळिसाव्या वर्षी
लाकडी खोक्यात सिंथेसायझर जुळवायला घ्यावा,
तोही एकेक तुकडा विकत घेत?
बहीण म्हणाली, "हेल्वे, कुत्रा पाळ त्यापेक्षा."

खोकं आणलं, वीजपुरवठा आणला,
एक ऑसिलेटर आणला.
बटण दाबल्यापासून बंद करेपर्यंत तो एकच सूर धरून बसतो,
निघतो निघतो म्हणत दारातच बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा.
जाणत्यांनी बजावलं होतं: आधी साधी मॉड्यूलं घे,
आवाज उघडणारं, मिटणारं, चढ-उतार देणारं.
आधी भाकरी, मग मासा.
मला मासाच हवा होता.

त्याचं नाव राबा. राबा म्हणजे दलदल.
हापसालूच्या कल्योनं हातानं डाख देऊन चव्वेचाळीस केली
आणि एका वसंतात तो मधमाश्यांकडे वळला.
मी पत्र लिहिलं. उत्तर आलं:
मध आहे, राबा नाही.
सोबत मधाचे दर.

दोन वर्षं.
एक निघालं ओसाकात, किंमत माझ्या गाडीएवढी
(गाडी जुनी आहे, तरीही).
एक रोस्टॉकच्या गृहस्थाकडे,
तो फोटो पाठवायचा, विकायचा नाही.
बाजारात तुरी,
आणि मी इथं खोक्यात जागा राखून बसलेली:
सात सेंटिमीटर, रिकामी.
दात पडल्यावर जीभ जाते ना पुन्हा पुन्हा त्याच खाचेत,
तसं रात्री बोट जायचं.

मग वाल्का.
वाल्गाच्या स्टेशनवरून चालत निघालं
की रस्त्यात कुठंतरी देश बदलतो, आणि पायाला कळत नाही.
रेनार्स, वय एकोणीस,
ड्रायव्हिंगच्या परीक्षेसाठी पैसे हवे होते त्याला.
लोकरी मोज्यात गुंडाळून आणलं होतं.
"चालतं का?"
"चालतं," तो म्हणाला. थोडं थांबून,
"मला चालत नाही."
दोनशे नव्वद युरो त्यानं दोनदा मोजले.
"लाल पट्टी खालच्या बाजूला. उलटी लावलीत तर धूर निघेल,
आणि तो धूर परत आत भरता येत नाही."
मग विचारलं, "बाकीचं सगळं आहे ना तुमच्याकडे?"
मी म्हटलं, हो.

घरी आल्यावर टॉर्च धरून चार वेळा पाहिली ती पट्टी.
बटण दाबलं.
धूर नाही.
आवाजही नाही.
अर्धा तास मी वाल्काच्या पोराला मनातल्या मनात
मला येत असलेल्या तिन्ही भाषांत शिव्या दिल्या.

मग उमगलं, राबा स्वतःहून काही बोलतच नाही.
त्याला काहीतरी द्यावं लागतं, तेच तो चिखलातून ओढून परत देतो.
दिला तो दारातला पाहुणा.
आतून काहीतरी हललं,
गुडघाभर रुतलेला बूट सावकाश उपसावा तसं.
आणि पुन्हा मिटलं.
उघडायला दुसरं मॉड्यूल लागतं,
ते जाणत्यांनी सांगितलेलं, स्वस्त, कुठंही मिळणारं.
माझ्याकडे उजवा हात होता.

आणखी एक.
राबा खोक्यापेक्षा दोन सेंटिमीटर खोल निघाला.
आता तो बाहेर असतो, दुधाच्या बाटल्यांच्या स्टँडमध्ये उभा.
खाच तशीच आहे.

रात्री एकला रेनार्सला लिहिलं:
तुला का चालत नव्हतं ते कळलं.
लगेच उत्तर: परत घेणार नाही.
मग बऱ्याच वेळानं:
ऐकवाल?

एका हातात फोन धरला, दुसऱ्यानं खुंटी फिरवत राहिले.
उघड, मीट, उघड.
पलीकडे कुणी बोललं नाही. फोनही ठेवला नाही.

सकाळी मनगट दुखत होतं.
पहिल्या बाटलीत चार पूर्णांक एक.
मी पुन्हा मोजलं.