अर्धा किलो आणि वर एक

खरी कमाई म्हणतात त्याला स्काउटवाले.
आम्ही नुसतं कमाई म्हणायचो,
खरी की कसली ते ज्याचं त्याला ठाऊक.

सुलभाताई किबे आल्या, गाइडच्या कॅप्टन,
मागे पाच मुली, निळे स्कार्फ, पत्र्याचे डबे.
म्हणाल्या, खानवलकरकाका,
बत्तीस वर्षं कापड मार्केटात विकलंत,
यांना जरा शिकवा.
तंबूसाठी चार हजार हवेत.
मागच्या रविवारी अकरा पुडे गेले,
त्यातले सात यांच्याच आयांनी घेतले.

नानकटाई चांगली होती. तुपातली.
बतूलच्या मामाची भट्टी आहे सियागंजात.
मी एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली,
मग शिकवायला बसलो.

प्लीज म्हणायचं नाही.
प्लीज म्हटलं की गिऱ्हाईक स्वतःच्या खिशाकडे बघतं,
झाकण उघडलं की डब्याकडे.
घेता का, असं विचारायचं नाही.
पाव की अर्धा, एवढंच.
देवळापाशी उभं राहू नका,
तिथे माणूस देऊन मोकळा झालेला असतो.
पोह्याच्या ठेल्यापलीकडे चार पावलांवर राहा,
नऊनंतर, जिलबी संपल्यावर.
जीरावन आणि तिखट शेवेनं पेटलेलं तोंड
तिथूनच जातं.

उन्नती पाटीदारनं वहीत उतरवलं:
तोंड पोळते तेथे उभे राहणे.

राजेंद्रनगर, जानेवारी, धुकं अर्धवट उतरलेलं.
कचरागाडी आपलं गाणं वाजवत गेली
आणि मागोमाग यांचा आवाज,
पाव दूँ या आधा, भिया?
भिया थांबले. भियांच्या बायका थांबल्या.
एक हवालदार दोन्ही घेऊन गेला.
मी बाकावर बसून
थान उलगडावं तसा सुखानं पाय पसरले.

काटा बतूलकडे होता.
पाव असो, अर्धा असो,
सुई जागेवर आली की ती थांबायची
आणि वर एक ठेवायची.
पुन्हा सुई जागेवर. पुन्हा वर एक.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं,
बेटा, चाळीस पुड्यांत
किलोभर माल असाच जाईल.

ती म्हणाली, काटा जुना आहे, काका.
माझाच त्याच्यावर विश्वास नाही.

लोखंडी मीटरला आम्ही गजच म्हणत असू.
कापड उजव्या हातानं ओढायचं,
डाव्यानं टोकाशी धरायचं,
आणि धरताना अंगठा
आतल्या बाजूला.
कोणी शिकवलं नाही. शेजारच्या गादीवर बघून आलं.
मीटरमागे एक अंगठा.
शेठला कळत होतं, दिवाळीला पाकीट जाड यायचं.
नंदानगरहून एक बाई परत आली होती,
मिल बंद पडली त्या वर्षी,
पोराच्या शाळेच्या शर्टाला
बाहीपुरतं कापड पुरलं नाही म्हणून.
मी म्हटलं, बाई, पोरगा वाढलाय.
ती हसली.
तिला वाटलं, खरंच असेल.

साडेअकराला डबे रिकामे.
तीन हजार सहाशे चाळीस.
दोनदा मोजले, नाण्यांची वेगळी ढिगली लावून.
तीनशे साठ कमी.
मी पाकीट काढलं.
उन्नतीनं वही मिटली.
म्हणाली, ते नाही चालत, काका,
माल संपलाय.
सुलभाताई दुसरीकडे बघत होत्या.
हसू लपवत होत्या बहुतेक,
किंवा त्यांनाही तीनशे साठ हवे होते.

पुढच्या रविवारी पुन्हा, असं ठरलं.
जागा तीच. काटा नवा आणू, मी म्हटलं.
आणा, बतूल म्हणाली,
आणि वर एकचं काही बोलली नाही.

निघताना तिनं डावा हात पुढे केला.
आमच्यात डावाच मिळवतात.
मी उजवा मागे घेतला.
डावा खिशात होता,
निघायला जरा वेळ लागला.
तिच्या तुपकट, चुऱ्यानं भरलेल्या मुठीत
माझी चार बोटं मावली.
अंगठा बाहेरच राहिला.