वयाची अट

योजनेचं नाव लांबलचक आहे,
त्यात कुठेतरी ‘नवोदित संशोधक’ येतं, आणि शेवटी ‘वार्धक्य’.
खाली बारीक अक्षरात :
एक सप्टेंबरला अर्जदाराची पस्तीस वर्षं
पूर्ण झालेली नसावीत.

माझी झालीत. दोन महिने वर.
दाखल्यावर एक जुलै आहे.
ढोके गुरुजींनी एका सकाळी
आमच्या वर्गातली एकोणीस पोरं
एकाच तारखेला जन्माला घातली,
सहा पुरी भरावीत म्हणून.
आई म्हणते, भुलाबाईचे गाने चालू व्हते,
दारात पोरी खिरापत ओळखत व्हत्या,
तवा तू झाली.
कोजागिरीला अजून दीड महिना आहे.
पोर्टलला भुलाबाई ठाऊक नाही.

आणि मी स्वतः काय करते,
तर अडाण नदीकाठच्या या गावात
लोकांना वय विचारत फिरते.
समाजमंदिराच्या ओट्यावर खडूनं
चार मीटरची रेघ मारली आहे,
त्यावरून तानबाजी उइके चालतात.
मध्येच थांबून कुत्र्याला हाकलतात,
घड्याळ चालूच.
ही नोंद ठेवायची की वगळायची,
पुस्तकात याबद्दल काही नाही.

आधार कार्डावर अठ्ठ्याहत्तर.
कायचे अठ्ठ्याहत्तर, त्यांची बायको म्हणते,
निराधारच्या पैशापायी धा वाढवले.
तानबाजी नदीकडं बघतात.

पकड मोजायचं यंत्र विद्यापीठाचं,
सोमवारी परत द्यायचंय.
सेल माझे, दारव्ह्यात घेतलेले, पावती हरवली.
दाबा मावशी, जोरात.
‘कोनाचा गळा समजून?’
पंचफुलाबाई वानखडे विचारतात
आणि ओट्यावरच्या साऱ्या बाया हसतात.
एकवीस किलो.
मी सतरा धरले होते.

खर्चाचा तपशील :
यंत्र, एक.
प्रवास, एसटी; नाहीच आली तर काळीपिवळी.
सहायक, एक, बारावी पास
(माझी मामेबहीण, पण तसं लिहीत नाही).
आकस्मिक, म्हणजे चहा,
आणि पारले, कारण उपाशी माणूस हळू चालतो
आणि मग ते वार्धक्य म्हणून मोजलं जातं.

पुढचा रकाना :
पाच वर्षांच्या पाठपुराव्यात
किती सहभागी गळतील असा अंदाज आहे?
वीस टक्के लिहायची पद्धत आहे.
मी पंचफुलाबाईंनाच विचारलं,
पाच वर्सानं आली तं भेटसान ना?

त्या यंत्र उलटंपालटं करत होत्या.
‘मी कुठं जातो?
लयच झालं तं नदीच्या त्या अंगाले, मसनात. तितं पाहाय.
मांगं दोघं आले व्हते, तुह्याच वयाचे,
रक्त नेलं, अंगठा नेला,
म्हने सा महिन्यानं सांगतो
तुमच्या रक्तात काय हाये थे.
गेले ते गेलेच.
त्याइले कोनी शोधते का नाई?’

त्यातल्या एकाला मी ओळखते.
अकोल्यात शिकवणी वर्ग घेतो,
अनुदान दुसऱ्या वर्षी थांबलं,
त्यानंतर त्यानं कधी विषय काढला नाही.
पंचफुलाबाईंचं रक्त
कुठल्यातरी फ्रीजरमध्ये अजून असेल,
मधल्या काळात वीज गेली नसेल तर.

रकान्यात मी वीस लिहिलं.
कुणाचे वीस, ते विचारलेलं नव्हतं.

शेवटची मुदत पाचची.
नेट फक्त ग्रामपंचायतीच्या पायरीवर,
तेही डाव्या कोपऱ्यात.
‘वयात सवलत हवी असल्यास कारण द्या,
दोनशे अक्षरांत.’
मी लिहिते : अर्जदाराचा जन्म प्रत्यक्षात भुलाबाईच्या
आणि नेट जातं.

समोर ओट्यावर
तानबाजी पुन्हा रेघेवर येऊन उभे,
काठी बायकोकडं दिलेली.
मघाचं कुत्र्यापायी बिघडलं, म्हणतात,
थे खोडून टाक.
आता मोज.