हात लावू नये

जुन्या जकात नाक्याची खोली रंगवून
महापालिकेने तिच्यात नागमणी ठेवली आहे.
दारावर पितळी पाटी : नागमणी अनलदास, सोलापूरची शान.
अन्नलदासमधला एक न गळालाय.
जन्मतारीख एक जून.
आमच्या शाळेत सगळ्याच एक जूनला जन्मलो,
हेडमास्तरांच्या टाकातून.

काचेच्या बरणीत माती, खाली चिठ्ठी : ‘मैदानातील माती’.
तांबडी. नर्सरीतली.
आमची काळी होती, मार्चमध्ये तव्यासारखी तापायची,
गुडघ्यात शिरली की आठवडाभर निघायची नाही.
शिपायाला सांगितलं तर म्हणाला,
मावशी, हा रंग उठून दिसतो.

विड्यांचं सूप मात्र खरं आहे, कात्रीसुद्धा.
शाळेआधी पाचशे वळायची, उकिडवी बसून,
टाच न टेकवता.
चौकोनात बसायची तऱ्हा तिथलीच.
पुण्याचे सर नंतर आले,
त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

फोटो एकच.
आम्ही आठजणी ओळीने, एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला,
मी पाचवी, डोळे मिटलेले.
आणि खांबापाशी काहीतरी पुसट,
ओल्या बोटाने शाई फिसकटावी तसं.
‘मूळ प्रत खराब झालेली आहे.’
नाही हो. अगदी बरोबर आलीय.
अशीच दिसायची ती.

कोल्हापूरची फायनल कुठल्याच कार्डावर नाही.
मी खो उशिरा दिला, अर्ध्या श्वासाने,
पळती खांबाआड गेली, आम्ही एका गुणाने गेलो.
येताना एसटीत ती शेंगा सोलून
माझ्या ओंजळीत टाकत राहिली, टेंभुर्णीपर्यंत.
बोलली नाही. त्यावर कधीच बोलली नाही,
आणि यंदा गड्ड्याच्या आधी तर गेलीच.

मधोमध तिचा फायबरचा पुतळा, बसलेला,
पाठ आमच्याकडे. भोवती दोरी.
हात लावू नये.

अख्खा खेळच हाताचा, साहेब.
पाठीवर तळवा पडायचा, मग शब्द,
आणि कुंपणाला धरून तिची आई तेलुगूत ओरडायची,
पो, पो!
मी तिला दिलेले खो मोजले नाहीत.
तिने मला दिलेले पाठीला पाठ आहेत.

शिपाई चहाला गेला.
दोरीवरून वाकले. फायबर गार,
आतून पोकळ वाजलं.
वेळेवर म्हटलं या वेळी :
खो.

उठेल असं वाटलं नव्हतं मला. वेडी नाही मी.
पण नियम आहे,
देणारीने तिच्या जागी बसायचं.
बसले. एक गुडघा आता वाकत नाही,
तरी टाच टेकवली नाही.

शिपाई कपबशी घेऊन दारात :
मावशी, चक्कर आली का?