खरखर

उदगीरच्या मोंढ्यात, हमालांच्या चहाच्या टपरीला लागून
मन्मथअप्पांचं दुकान. पाटी नव्हती.
शाळा सुटली की मी तिथं झाळ द्यायला बसायचो.
रोजाचे दोन रुपये,
आणि अप्पांचं गप्प राहणं.

दिवस कलला की परभणीवर गुलबर्गा चढायचं,
तुरीच्या भावात कन्नड भजन शिरायचं.
गिऱ्हाईक म्हणायचं, अप्पा, तेवढी खरखर काढा.
अप्पा काढायचे.
जन्मभर तेच केलं त्यांनी,
एक हिवाळा सोडून.

एकाहत्तरच्या त्या थंडीत ते
विमानाच्या पोटात बसायचे, गुडघे छातीशी,
खिडकी नाही, समोर बशीएवढा हिरवा पडदा.
बाकीच्यांकडे बॉम्ब, अप्पांकडे आवाज.
त्यांचं यंत्र जिथं डोळा उघडेल
तिथं नेमकी मूठभर धूळ.
"खाली गाव होतं का नदी, मला काय ठाव?
मी नुसता अंधार दाट करू लालतो."

पोळ्याला बेगड आणायचे. दारात बैल नव्हता.
बोटाच्या पेरांनी मोजून पट्ट्या कापायचे,
एखादी केसभर लांब झाली तर बाजूला.
मग माळवदावरून सोडायचे, मूठ मूठ.
"बघ. त्यांना ही पन्नास विमानं दिसायची."
खाली गल्लीतली लेकरं ती विमानं वेचून
मातीच्या बैलांच्या शिंगांना चिकटवायची.

रात्री शटर अर्धं ओढून
दोन स्टेशनांच्या मधल्या ओसाडीत सुई ठेवायचे.
मला वाटायचं, सापडत नाही.
अप्पा, जरा डावीकडं घ्या, परभणी लागंल.
माझा हात धरायचे.
"राहू दे. काय ऐकू येऊ लालंय?"
खरखर.
"तिच्या मागं?"

एकदाच सांगितलं, लाइट गेलेली असताना.
परतताना शेवटचं विमान वाट चुकलं.
पोरगा नवा. दिशा विचारत होता, बहुतेक.
बहुतेकच, कारण त्याच पट्टीवर
अप्पांचा आवाज चालू होता,
आणि बंद करायच्या हुकुमाला चार मिनिटं होती.
मध्येच एक अक्षर आलं. 'का' असंल, नाही तर 'खा'.
मग हुकूम आला.
बटण खाली केलं तेव्हा सगळी पट्टी
धुतल्यासारखी स्वच्छ.
चौकशीत अप्पांचं काम चोख ठरलं,
तसा कागदही होता, पत्र्याच्या पेटीत,
वाल्वच्या खोक्यांखाली.

दुकान आता माझं. मोबाईलच्या काचा बदलतो.
अप्पांचा सेट फळीवर आहे, लावत नाही.
परवा पन्हाळ तुंबली म्हणून वर चढलो,
पाला, चिमणीचं घरटं, पतंगाचा मांजा,
आणि काळ्या चिखलात चार पट्ट्या, रंग उडालेल्या.
पुसून तळहातावर शेजारी शेजारी ठेवल्या.
चारी अजून
एकाच मापाच्या.